लक्ष्मी रोडवरचं मॅचिंग सेंटर: ‘सेम’ मागितलं तर काय मिळतं

दुकान चांगलं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय त्यांनी पिशवी उचलून निघावं. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर, दोऱ्याची रिळं, हुक, सगळं एकाच ठिकाणी मिळतं, भाव वाजवी आहेत आणि मीटरपट्टी लावताना कापड ताणून धरत नाहीत. पाचपैकी चार तारे. पाचवा का नाही, हे सांगायला मात्र मला वेळ लागणार आहे, कारण तो तारा एका इंग्रजी शब्दापायी गेला.

दुकानाचं नाव लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही. तुळशीबागेच्या बाजूच्या त्या ओळीत एकाच आडनावाच्या तीन पाट्या लागोपाठ आहेत आणि तिन्हींवर ‘आमची कोठेही शाखा नाही’ असं ठणकावून लिहिलंय. मी म्हणते ते मधलं. पायरीपाशी दोऱ्यांच्या रिळांचं काचेचं कपाट आहे ते.

मी एकतीस वर्षं मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. ही ओळख मिरवायला देत नाहीये, पुढे जे घडलं त्यात माझीच फजिती कशी झाली ते नीट कळावं म्हणून देतेय.

पुतणीचं लग्न ठरलं आणि मी आईची इरकल बाहेर काढली. मोरपंखी अंग, गोमी काठ, लाल रेशमी पदर आणि त्यावर पांढरे पट्टे. आईला जाऊन बारा वर्षं झाली, साडीचं वय त्याच्या तिपटीच्या पुढे असावं. तिच्यावरचा ब्लाउज कुठे गेला कोण जाणे. म्हणून मॅचिंग सेंटर. शनिवारी संध्याकाळी, म्हणजे जायची सर्वांत चुकीची वेळ निवडून, मी गर्दीत शिरले, साडी काउंटरवर टाकली आणि काउंटरमागच्या मुलाला म्हटलं, “यातला सेम द्या.”

हो, मीच म्हटलं. ‘याच रंगाचा’ म्हणायला जीभ वळली नाही.

मुलगा चटपटीत होता. मागच्या फळीवरून तीन थानं खाली आली, त्यातलं एक साडीवर उलगडलं गेलं, त्याने ते हाताने सपाट केलं आणि मान हलवली. “काकू, सेम टू सेम!” मीही वाकून पाहिलं. वरच्या पांढऱ्याधोप ट्यूबलाइटमध्ये खरंच कुठे साडी संपते आणि कुठे कापड सुरू होतं ते कळत नव्हतं. टू बाय टू रुबिया, म्हणजे ब्लाउजचं एकरंगी कापड, एक मीटर, एकशे चाळीस रुपये. कात्री फिरली. कात्रीच्या वर भिंतीवर पाटी होती, ‘कापलेला माल परत घेतला जाणार नाही’. ती मी नंतर वाचली.

रविवारी सकाळी गच्चीत साडी उन्हाला घातली आणि शेजारी तो तुकडा ठेवला. साडी निळी होती. कापड हिरवं होतं. हिरवंही कसलं, हौदाच्या कडेला धरतं ना, तसलं शेवाळी.

आता इथे मला थोडं विषयांतर करू द्या. ते विषयांतर नाहीच, पण तुम्हाला वाटेल.

वर्गात ‘सेम’ शिकवताना मी फळ्यावर एक वाक्य लिहायची: ‘शी इज वेअरिंग द सेम सारी.’ याचं मराठी करा. अर्धा वर्ग लिहायचा, ‘तिने तीच साडी नेसली आहे.’ उरलेला अर्धा वर्ग लिहायचा, ‘तिने तशीच साडी नेसली आहे.’ मग भांडण लागायचं आणि मुलं माझ्याकडे न्याय मागायला यायची. न्याय असा की दोन्ही बरोबर. इंग्रजीला इथे एकाच शब्दात भागवायचं असतं. ती कालचीच साडी आज पुन्हा नेसून आली, तरी ‘सेम’. शेजारणीने घेतली तशी दुसरी दुकानातून आणली, तरी ‘सेम’. आपल्याकडे हे दोन गुन्हे वेगवेगळे आहेत. आमच्या घरात एका मुंजीत मी आणि जाऊबाई तशाच साड्या नेसून समोरासमोर आलो, त्याचं आजही हसं होतं. पण पुढच्या कार्यात मी तीच साडी पुन्हा नेसले तेव्हा कुणी हसलं नाही, फक्त एका आत्याबाईंनी ‘हीच का गं ती?’ एवढं विचारलं. तेवढं पुरलं.

‘तोच’ या शब्दाची बांधणी बघा. इंग्रजीत ‘सेम’च्या आधी बहुतेक वेळा ‘द’ लागतो. मुलं तो हमखास विसरायची आणि मी लाल शाईने घालायची. का लागतो, तर बोट दाखवायचंय म्हणून. कुठलातरी सेम असं होत नाही, आधी ज्याच्याबद्दल बोललो तो. आपण ‘तो’ने बोट दाखवतो आणि ‘च’ने ते बोट हलू देत नाही. दोन अक्षरांत काम. तसाच, तेवढाच, तिथेच, तेव्हाच, सगळीकडे तोच चकार. कुठल्या बाबतीत सारखं, गुणात, मापात, जागेत की वेळेत, हेही त्या शब्दातच सांगून होतं. इंग्रजीला त्यासाठी प्रत्येक वेळी ‘द सेम साइज’, ‘द सेम प्लेस’, ‘द सेम टाइम’ अशी दुसऱ्या शब्दाची कुबडी लागते.

‘सारखा’ मात्र आपलाही घात करतो. एका मुलाने ‘सकाळपासून सारखा पाऊस पडतोय’ याचं भाषांतर ‘सेम रेन इज फॉलिंग सिन्स मॉर्निंग’ असं केलं होतं. मी त्या वाक्याला चूक दिली आणि दिवसभर त्यावर विचार करत बसले. चूक आहे, पण जुलैतला पुण्याचा पाऊस पाहिला की वाटतं, पोरगं अगदीच चुकलं नव्हतं.

तर काउंटरवरच्या मुलाने मला ‘सेम’ म्हणून जे दिलं ते ‘तोच’ नव्हतंच, होणार कसं? पण ते ‘तसाच’ही नव्हतं. ते ‘ट्यूबलाइटखाली तसाच’ होतं.

सोमवारी दुकान बंद असतं, म्हणून मंगळवारी सकाळी गेले. भांडायच्या तयारीने. गर्दी नव्हती आणि काउंटरमागे मुलाऐवजी एक वयस्क काका होते. पांढरा शर्ट, खिशात खडू, चष्मा दोरीला. मी काही बोलायच्या आत त्यांनी साडी उचलली, तुकडा उचलला आणि दोन्ही घेऊन सरळ बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले. मीही मागोमाग. त्यांनी साडी आधी सपाट धरली, मग थोडी तिरकी केली, मग तिची एक निरी घालून धरली.

“ताई, ही धूपछांव आहे. तुम्हाला हिच्यातली कुठली बाजू मॅच करायचीय?”

साडी सपाट असताना निळी होती. तिरकी केली की हिरवी. निरीच्या घडीवर हिरवी, घडीच्या पोटात निळी. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा, म्हणजे उभे धागे निळे आणि आडवे हिरवे. बघणाऱ्याचा कोन बदलला की एक रंग पुढे येतो आणि दुसरा मागे सरतो. आई तिला मोरपंखी म्हणायची आणि मला आजवर वाटत होतं की तो एका रंगाचा शब्द आहे. मोराचं पीस तरी कुठे एका रंगाचं असतं?

“एकरंगी कापडात हिला सेम मिळणार नाही,” काका म्हणाले. “जवळचा मिळेल. तोही उभ्याने बघायचा की चालताना, ते तुम्ही ठरवा.”

इथे मी भांडण विसरले. दुकानात ‘सेम’ न म्हणणारा माणूस भेटला होता. पुढचा अर्धा तास मी तिथे नुसती बसून होते, गिऱ्हाइकं येत होती, आणि मी त्या माणसाचे शब्द मोजत होते. कोणाला म्हणाले, “हा एक नंबर खाली जातोय.” कोणाला, “यात लाल झाक मारते, तुमच्या साडीत नाही.” कोणाला, “रंग लागतोय, पण चमक जास्त आहे, फोटोत वेगळा दिसेल.” एक बाई मागच्या आठवड्यात नेलेल्या आमसुली कापडाचा अजून अर्धा मीटर मागायला आल्या होत्या, त्यांना म्हणाले, “नंबर तोच आहे, पण लॉट वेगळा आहे. बाहीला चालेल, पाठीला जोड देऊ नका.” तोच नंबर, वेगळा लॉट, म्हणजे छटेचा क्रमांक तोच, पण रंगवण्याची खेप वेगळी! व्याकरणाच्या तासाला मला यापेक्षा चांगलं उदाहरण कधी सुचलं नव्हतं.

रंगांची नावंही ते इंग्रजीत सांगत नाहीत. ग्रीन, डार्क ग्रीन, लाइट ग्रीन असा धंदा नाही. मेंदी, पोपटी, शेवाळी, बाटली, पिस्ता. गुलाबीत राणी, गुलबक्षी, अबोली, कांदा. जांभळ्यात वांगी आणि अंजिरी. पिवळ्यात लिंबू, हळदी, श्रीखंडी, चिकू तर वेगळाच. ऐकताना मंडईतून फिरल्यासारखं वाटतं. एवढी नावं असलेल्या माणसाला ‘सेम’ म्हणायला जड जाणारच.

ट्यूबलाइटचं काय, ते मला भाच्याने समजावलं. तो इचलकरंजीत कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये आहे. फोन केला तर आधी पोट धरून हसला. म्हणाला, “मावशी, तू गच्चीत जे केलंस तेच आम्ही पेटीत करतो.” त्यांच्याकडे राखाडी रंगाची एक पेटी असते, तिच्यात वेगवेगळे दिवे असतात. एक दिवसाच्या उजेडासारखा, त्याला डी ६५ म्हणतात. साधारण ६५०० केल्विनचा, केल्विन हे उजेडाची छटा मोजायचं माप. एक दुकानातल्या ट्यूबसारखा, टीएल ८४. एक जुन्या पिवळ्या बल्बसारखा. नमुना आणि रंगवलेलं कापड प्रत्येक दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवून बघायचं. एका दिव्याखाली जुळतं आणि दुसऱ्याखाली फिसकटतं, त्याला ते मेटामेरिझम म्हणतात. कारण असं की दोन कापडांवर एकच रंग दिसत असला तरी तो वेगवेगळ्या रंगद्रव्यांच्या मिश्रणातून आलेला असू शकतो. उजेडात जे जे रंग मिसळलेले असतात त्यातला कुठला किती परत फेकायचा, हे त्या मिश्रणावर ठरतं. उजेडच बदलला की हिशोब बदलतो. आईच्या साडीचा रंग कुठल्या काळातला, माझ्या रुबियाचा कुठल्या कारखान्यातला. ट्यूबखाली त्यांची गाठ पडली, उन्हात सुटली.

“मग तुमचं गिऱ्हाईक सेम कशाला म्हणतं?” मी विचारलं.

“ते सेम म्हणतच नाहीत गं. ते फरकाचा आकडा लिहून देतात. एवढ्यापर्यंत चालेल, त्यापुढे माल परत.”

म्हणजे कारखान्यातही ‘सेम’ नाही. फरक किती खपवून घ्यायचा एवढंच आहे. काकांकडे त्याला शब्द आहे, भाच्याकडे आकडा आहे. आणि तो काउंटरवरचा मुलगा, त्याच्याकडे ‘सेम टू सेम’.

या ‘सेम टू सेम’शी माझं जुनं वैर. निबंधात आलं की लाल रेघ. इंग्रजीत असा प्रयोग नाही, सेम म्हटलं की झालं, सेमला सेमची जोड कशाला, हे मी किती तुकड्यांना सांगितलं असेल. आता निवृत्त झाल्यावर सावकाश विचार करता येतो, तेव्हा लक्षात आलं की ते इंग्रजी नाहीच. तो आपलाच साचा आहे. जसाच्या तसा. जशास तसं. हुबेहूब, तंतोतंत, समसमान. आपल्याला सारखेपणा सांगायचा असला की शब्द दोनदा ठेवायचा, म्हणजे दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवल्यासारखं होतं. त्या साच्यात कुणीतरी ‘सेम’ ओतलं आणि मधल्या प्रत्ययाच्या जागी ‘टू’ बसवला. भाषा म्हणून माझी त्याला आता हरकत नाही. कापड म्हणून आहे.

आणि गंमत म्हणजे ज्याला आपण इंग्रजी म्हणतो तो ‘सेम’ तिथेही पाहुणाच. जुन्या इंग्रजीत ‘तोच’ म्हणायला ‘इल्का’ असा शब्द होता. मग उत्तरेकडून बोटींतून नॉर्स बोलणारे लोक आले, लुटालूट करून झाल्यावर तिथेच राहिले, आणि त्यांच्या भाषेतून अंड्याचा एग, आभाळाचा स्काय, नवऱ्याचा हझबंड असे शब्द इंग्रजीत रुजले. सेम त्यातलाच. इल्काचं घर त्याने बळकावलं; स्कॉटलंडमधल्या काही घराण्यांच्या नावांमागे ‘ऑफ दॅट इल्क’ म्हणून तो बापडा उरलाय. पण नॉर्सचा ‘सम्र’ आणि संस्कृतातला ‘सम’ ही पुन्हा एकाच खापरपणज्याची नातवंडं. समान, समभाग, समवयस्क, तबल्याची सम, सगळे याच कुळातले. तेव्हा ‘यातला सेम द्या’ म्हणताना मी फार दूरच्या नातेवाइकाला हाक मारली होती, असं म्हणून मी माझं समाधान करून घेते.

बाकी या शब्दाने आपल्याकडे मुक्काम बराच लांबवलाय. शाळेत एका रंगाचे कपडे घालून आलेल्या दोघी एकमेकींना चिमटा काढून ‘सेम पिंच’ म्हणतात. दिवाळीच्या शुभेच्छेला ‘सेम टू यू’ आणि ‘गाढव’ म्हटल्यावरही ‘सेम टू यू’. जावई कचेरीतून पत्र लिहितो त्यात ‘काइंडली कन्फर्म द सेम’. हे ‘द सेम’ जुन्या वकिली आणि व्यापारी इंग्रजीतलं, ‘ते’ किंवा ‘सदर’ या अर्थाचं. तिकडे ते आता कोणी फारसं वापरत नाही, आपल्या कचेऱ्यांत मात्र ते पेन्शनीत निघायला तयार नाही. माझ्या पेन्शनीवरून आठवलं. माहेरचं नाव, सासरचं नाव, एका कागदावर नवऱ्याचं नाव मधे आणि एका कागदावर नाही, म्हणून मला स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करावं लागलं होतं की या तिन्ही बायका ‘वन अँड द सेम पर्सन’ आहेत. वकिलाने इंग्रजी मजकूर आधीच छापून ठेवला होता, फक्त नावं भरायची. त्यावर सही करताना मनात आलं, सेमचा इतका चोख वापर मी एकतीस वर्षांत फळ्यावर केला नव्हता. तिथे ‘तशीच’ चालत नाही. तिथे ‘तीच’ लागते.

असो. दुकान.

काकांनी मला तीन मार्ग सांगितले. एक, निळ्यातला जवळचा घ्या, तो उभं राहिल्यावर लागेल. दोन, पांढरं कापड घेऊन मागच्या बोळातल्या रंगाऱ्याकडून रंगवून घ्या. तो साडी समोर ठेवून रंग कालवतो, पण ओलं कापड गडद दिसतं, म्हणून वाळेपर्यंत थांबून बघायचं, आणि तरीही तो एकच रंग असणार. तिसरा मार्ग सांगण्याआधी त्यांनी विचारलं, “तुमच्या आई हिच्यावर काय घालायच्या?”

मला आठवेना. घरी येऊन अल्बम काढला. माझ्या धाकट्या भावाचं बारसं, फोटो कृष्णधवल, त्यामुळे रंगाचा प्रश्नच नाही. पण पदराच्या पट्ट्यांवरून साडी हीच. आणि ब्लाउज? ब्लाउजवर बारीक बारीक बुट्टी, बाहीला काठ. खण. खणाची चोळी शिवायची तशीच कापडाची मांडणी, फक्त बेताने ब्लाउजसारखा शिवलेला.

बुधवारी पुन्हा दुकानात. काकांना फोटो दाखवला तर ते म्हणाले, “हेच सांगणार होतो.” इरकल येते ती इलकलहून आणि खण येतो गुळेदगुड्डहून, दोन्ही गावं कर्नाटकात, एकाच बागलकोट जिल्ह्यात. जोडीने इकडे येत राहिली. त्या काळी बायका साडीच्या अंगाशी ब्लाउजचा रंग जुळवत बसत नसत, काठाशी पटलं की झालं, किंवा मुद्दाम उठून दिसेल असा वेगळाच. ‘मॅचिंग’ नंतरचं. काका स्वतः मॅचिंग सेंटर चालवतात आणि हे मला सांगत होते, याबद्दल अर्धा तारा जास्त द्यायला हवा.

खण त्यांच्याकडे मागच्या खोलीत आहेत, बाहेर मांडलेले नाहीत. मागावे लागतात. पन्ना अरुंद असतो, त्यामुळे मापं शिंपिणीला आधी विचारून जा. माझी लांब बाही एका खणात बसणार नाही, असं त्यांनी पाहूनच सांगितलं आणि कोपरापर्यंतची घ्या म्हणाले. डाळिंबी खण घेतला, काठ हिरवा. आईचा कुठल्या रंगाचा होता कोण जाणे. फोटो विचारून सांगत नाही.

आता त्या आधीच्या रुबियाचं. कापलेला माल परत घेत नाहीत, आणि घेतलाही नाही. काकांनी एवढंच केलं की त्याचं अस्तर होणार नाही, परकराला पट्टी लावा म्हणून सुचवलं. मी तो पडद्याच्या झालरीला वापरणार आहे. एकशे चाळीस रुपये गेले ते माझ्या ‘सेम’चे, मुलाला दोष देऊन काय करू? पण दुकानाला देते: ज्यांच्याकडे पायरीवर जाऊन बघणारा माणूस आहे, त्यांनी काउंटरवरच्या प्रत्येकाला पायरीपर्यंत चालायला शिकवायला हवं. आणि ती ट्यूब बदला. भाचा म्हणतो, दिवसाच्या उजेडाच्या जवळ जाणारे दिवे आता बाजारात सहज मिळतात. एवढं केलंत तर पाचवा तारा देऊन टाकीन.

बिल त्याच मुलाने केलं. खण १, अस्तर १ मीटर, दोरा १, आणि दोऱ्यापुढे त्याने सवयीने लिहिलं ‘सेम’. मी विचारलं, “कशाशी सेम? खणाशी, काठाशी की साडीशी?” तो पेन धरून माझ्याकडे बघत राहिला. मग रीळ उचलून पायरीवर गेला, परत आला, शब्द खोडला आणि लिहिलं, ‘काठाला जवळ’. मुलगा हुशार आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडं. सकाळी अकराच्या सुमाराला जा, तेव्हा ऊन पायरीवर सरळ येत नाही आणि उजेड मात्र भरपूर असतो. काका दुपारी जेवायला जातात ते चारपर्यंत येत नाहीत. नवरात्राच्या आधीचा आठवडा टाळा, नऊ दिवसांच्या नऊ रंगांपायी तिथे पाय ठेवायला जागा नसते. साडी बरोबर न्या, फोनमधला फोटो नको. माझ्या देखत दोघीजणी पडद्यावरचा रंग दाखवून कापड मागत होत्या आणि काकांनी दोघींना हात जोडले. फॉल चाळीस रुपयांपासून आहे, सुती घेतलात तर आधी भिजवून आटवून घ्या. बिल रोख असेल तर सुटे पैसे न्या. गाडी लावायला जागा नाही.